दुसऱ्याच्या हाताचं काम

जळगावात बळीराम पेठेत एका कापडदुकानाच्या जिन्याखाली उखर्डूभाऊ सपकाळ्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं तोंडदेखलं. एक टेबल, त्यावर काचेची पेटी, एक वाकडा दिवा, आणि मागच्या स्टुलावर भाऊ बसले की दुकान भरलं. गिऱ्हाईकानं रस्त्यावरच उभं राहायचं. शेजारी योगराज नावाचा गडी मोबाईलची कव्हरं विकतो, त्याच्याकडे दिवसभर झुंबड असते. भाऊंकडे दिवसातून चार-पाच माणसं येतात, तीही मनगटी घड्याळाचा सेल बदलायला. सेल बदलणं हे काम भाऊ असं करतात, जसं एखाद्या पट्टीच्या आचाऱ्याला कुणी पाणी उकळायला सांगावं.

एकाहत्तर वर्षांचा माणूस. जन्म यावलच्या बाजूचा. आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला जन्मल्यावर घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं ठरल्याप्रमाणे उचललं, पदरात घेतलं आणि पसाभर ज्वारीच्या बदल्यात आईला परत ‘विकलं’. टाकून दिलेल्या पोराकडे काळ वळून बघत नाही, अशी त्या भागातली जुनी समजूत. काळानं खरंच बघितलं नाही, आणि नाव मात्र उखर्डू पडलं ते पडलंच. शाळेत पोरं हसायची. पुढे धुळ्याला आग्रा रोडवर पितांबर मास्तरांच्या हाताखाली घड्याळाचं काम शिकायला गेला तेव्हा मास्तर म्हणाले, नाव बदलू नकोस, लक्षात राहतं.

पितांबर मास्तरांनी त्याला दोन नियम शिकवले. पहिला असा की विचारायचं ते घड्याळाला विचारावं, गिऱ्हाईकाला नाही, कारण गिऱ्हाईक खोटं बोलतं. हे अगदी खरं आहे. माणूस घड्याळ टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, पडलंबिडलं नाही हो, आपोआप थांबलं. झाकण उघडावं तर आत चक्राचा आस मोडलेला. पाण्याचा थेंब लागला नाही म्हणणाऱ्याच्या घड्याळातून गंज सांडतो. म्हणून गिऱ्हाईकानं तोंड उघडलं की भाऊ उजवा हात वर करतात, वाहतूक पोलीस करतो तसा, आणि म्हणतात, “घड्याळाला बोलू द्या.” पन्नास वर्षं हा हात असाच वर होत आला.

दुसरा नियम, यंत्रात दुसऱ्याच्या हाताचं काम दिसलं की आधी ते काढून टाकायचं. कारण गावोगावी घड्याळं उघडलेली असायची ती सोनारांनी, रेडिओवाल्यांनी, नाहीतर घरातल्या उचापती जावयांनी. कुठे कथलाचा डाग दिलेला, कुठे सायकलची तार, कुठे मेण. वर आपण कितीही चांगलं काम केलं तरी खालची घाण एक दिवस दगा देते. त्यामुळे आधी सगळं मूळपदावर आणायचं, मग दुरुस्ती. हाही नियम चुकीचा नव्हता. नियम चुकीचे नसतात, त्यांना फक्त माणसं दिसत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक बाई धुळ्याहून एसटीनं आल्या. पन्नाशी उलटलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नाव सुनिता. हातात पिठाचा मोठा पत्र्याचा डबा, आणि डब्यात चादरीत गुंडाळलेलं घड्याळ. चादर सोडली आणि भाऊ स्टुलावरून उठले. ते सहसा कुणासाठी उठत नाहीत.

काळपट लाकडाचं, घराच्या आकाराचं घड्याळ. वर उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना कोरलेली द्राक्षाच्या वेलासारखी पानं, आकडे हाडाचे, काटेही हाडाचे. तबकडीच्या वर एक एवढंसं दार. डब्याच्या तळाशी दोन साखळ्या आणि त्यांना वजन म्हणून टांगायची लोखंडाची दोन जड कणसं. योगराजनं मान लांबवून बघितलं आणि म्हणाला, भाऊ, असलं ऑनलाईन अकराशेला मिळतं, सेलवर चालतं, पक्षी पण येतो बाहेर. धुळ्यातल्या तीन घड्याळजींनीही बाईंना हेच सांगितलं होतं. एकानं तर कणसं भंगारात घेऊ का म्हणून विचारलं.

भाऊंनी योगराजकडे बघितलंही नाही. मागची फळी सरकवली, दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. जाड पितळी पाट्या, हातानं घासलेल्या. पाटीवर एक आकडा ठोकलेला आणि खाली परक्या भाषेतले चार शब्द. यंत्राच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या दोन उभ्या नळ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर काडेपेटीएवढा भाता. हार्मोनियमच्या पेटीला असतो तसाच, पण लहान. तार भाता उचलते, सोडते, हवा नळीत जाते आणि पक्षी बोलतो. असं घड्याळ त्यांनी आयुष्यात एकदाच बघितलं होतं. धुळ्याला एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकाच्या बंगल्यावर मास्तर त्यांना हत्यारांची पिशवी धरायला घेऊन गेले होते, तेव्हा. मास्तरांनी सांगितलं होतं की जर्मनीत काळं जंगल म्हणून मुलूख आहे, तिथले शेतकरी बर्फ पडला की घरात बसून हे कोरतात. दोन सूर असतात, पहिला वरचा, दुसरा खालचा. तेवढ्यात तीन वाजले होते आणि पोरगेल्या उखर्डूनं ते दोन सूर ऐकले होते. हात मात्र मास्तरांनी लावू दिला नाही. तू अजून कच्चा आहेस, म्हणाले. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली.

बाई सांगत होत्या. त्यांची आई सुनंदाबाई, चौऱ्यांशी वर्षांच्या, नवापूरकडे एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथली परदेशी मॅडम मायदेशी परत जाताना हे घड्याळ त्यांना देऊन गेली. वडील त्याच दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, ते वारून बारा वर्षं झाली. त्यानंतर तीन वर्षांनी घड्याळ बंद पडलं. तेव्हा कुणाला फारसं काही वाटलं नाही. पण दोन वर्षांपासून आईचं डोकं चालेनासं झालंय. नावं गेली, माणसं गेली, मलासुद्धा कधी सिस्टर म्हणते, कधी मावशी. फक्त एक गोष्ट राहिली. दिवसातून दहा वेळा भिंतीकडे बघते आणि विचारते, पाखरू का बोलत नाही.

“एवढं एक तिला परत मिळालं तर बघा,” बाई म्हणाल्या. “दुसरं काही मागत नाही मी. आमचं पाखरू म्हणजे तसं...”

भाऊंचा उजवा हात वर गेला. “ताई, घड्याळाला बोलू द्या.”

बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. शिक्षिका होत्या, हात वर झाला की काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

तीन महिने भाऊंनी ते काम केलं. सेल बदलायला आलेल्यांना उद्या या म्हणून सांगायला लागले. जिन्याखाली नीट जागा नव्हती म्हणून मेहरूण तळ्याजवळच्या आपल्या खोलीत, खिडकीशी पाट मांडून बसायचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी सरिता भुसावळला दिलेली. घरात बोलायला कुणी नाही. पण त्या तीन महिन्यांत तळ्याकडे फिरायला जाणाऱ्यांनी या माणसाला खिडकीत स्वतःशी गुणगुणताना बघितलं. दोनच सूर, वरचा आणि खालचा.

सगळी चक्रं रॉकेलमध्ये धुतली. ज्या भोकांत आस फिरतात ती झिजून लांबट झाली होती, ती बुजवून नवी पाडली. पक्ष्याचा एक पंख मोडला होता, तो चिंचेच्या लाकडातून कोरून बसवला. साखळीची उघडलेली कडी एकेक करून मिटवली. आणि मग भात्यांकडे वळले.

तिथे दुसऱ्याच्या हाताचं काम होतं.

खालच्या सुराच्या भात्याचं मूळ कातडं फाटलं होतं आणि त्यावर कुणीतरी ठिगळ लावलं होतं. ठिगळ पिवळट रबराचं, ऑपरेशनच्या हातमोज्याचं असावं, आता कडक होऊन तडकलेलं. त्याच्याखाली आणखी एक जुनं, त्याच्याखाली तिसरं. म्हणजे रबर वाळलं की तो माणूस पुन्हा नवं लावत आला होता, वर्षानुवर्षं. कडेनं काळ्या रेशमी दोऱ्याचे टाके. भाऊंनी भिंग लावून बघितलं. एकसारखे, गव्हाच्या दाण्याएवढे टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ. जखम शिवतात तसे. आणि वरच्या सुराच्या नळीत तोंडापर्यंत कापूस दाबून भरलेला, काडीनं ठोकून ठोकून.

भाऊ थोडा वेळ थांबले, हे सांगायलाच हवं. टाके बघून त्यांना कौतुक वाटलं. हा कुणी ऐरागैरा नव्हे, असं ते मनात म्हणाले. कापूस कशासाठी, असाही प्रश्न मनात येऊन गेला. पण प्रश्न विचारायचा तर माणसाला विचारावा लागला असता. फोन समोर पडला होता, बाईंचा नंबर डब्याच्या झाकणावर लिहिलेला होता. त्यांनी ब्लेड घेतलं आणि टाके कापले. चिमट्यानं कापूस ओढून काढला, तो बोळा निघता निघेना. सगळं केरात गेलं, आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा केर गाडीत गेला. उकिरड्यावर ठेवून ज्याला जगवलं, त्या माणसाला तरी कळायला हवं होतं की टाकाऊ दिसणारी गोष्ट कुणाची जीव की प्राण असू शकते. पण नाव लोक हाका मारायला ठेवतात, शहाणपण द्यायला नव्हे.

नवे भाते त्यांनी अप्रतिम बनवले. प्रेमराज म्हणून एक पेटी दुरुस्त करणारा आहे, भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे येतात. त्याच्याकडून मेंढीच्या कातड्याचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा मिळवला. दोन घड्या, चार घड्या, सरसाची बारीक रेघ. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता दार उघडलं, पाखरू बाहेर आलं, आणि बारा वेळा दोन्ही सूर बोललं. स्वच्छ, गोल, एकाखाली एक. उखर्डूभाऊ पाटावर बसून रडले. मास्तर असते तर त्यांना ऐकवलं असतं, असं त्यांना वाटलं. कच्चा आहेस म्हणाले होते ना.

दोन दिवसांनी धुतलेली टोपी घालून, डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, त्यांनी डब्यावरचा हात काढला नाही. धुळ्यात देवपुरात बाईंचं घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर घड्याळाच्या आकाराचा फिकट चौकोन, वर जुना खिळा. आणि खाली लाकडी खुर्चीत सुनंदाबाई. पांढरं लुगडं, ताठ पाठ, नखं कापलेली. नर्स शेवटपर्यंत नर्स असते. त्यांनी भाऊंकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाल्या, “पाखरू काबरं बोलस नही?”

भाऊ धुळ्यात पाच वर्षं राहिलेले. त्यांनी त्याच बोलीत सांगितलं, “अक्का, पाखरू आजारी व्हतं. आते बरं व्हयनं.”

त्यांनी घड्याळ टांगलं, कणसं लावली, लोलकाला धक्का दिला आणि टिकटिक दोन्ही बाजूंना सारखी पडेपर्यंत कान लावून उभे राहिले. चारला सात मिनिटं कमी होती. सुनिताबाईंनी चहा टाकला होता, तो तसाच उकळत ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुनंदाबाई भिंतीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हात मांडीवर जोडलेले होते.

चार वाजले. दार उघडलं, पाखरू चार वेळा बोललं, दार मिटलं. उखर्डूभाऊंनी वळून बघितलं.

सुनंदाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंती, खिडकी, पलंग, दारातली मुलगी. सगळं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मग अगदी हळू आवाजात, परक्याच्या घरी बोलावं तसं, त्यांनी विचारलं, “हाई कोनं घर शे?”

सुनिताबाई हसल्या, जवळ गेल्या, म्हणाल्या, आई, आपलंच घर आहे की. सुनंदाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. उठल्या, लुगडं सारखं केलं आणि खुर्चीखाली चपला शोधायला लागल्या. त्यांना घरी जायचं होतं. उशीर झाला, ड्युटी संपली, घरी वाट बघत असतील, असं त्या म्हणत होत्या. भाऊ म्हणाले, नवीन नवीन आहे, होईल सवय. चहा पिऊन पाचच्या आत निघाले. पाच वाजताचं पाखरू त्यांनी ऐकलं नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो, आणि हसतोही. इथे हसण्यासारखं काही नव्हतं. आठ दिवसांनी सुनिताबाईंचा फोन आला. आई आता पाखराबद्दल विचारतच नाही. दर तासाला पाखरू बोललं की उठते आणि घरी जायचं म्हणते. मंगळवारी मी शाळेत असताना शेजारणीचा डोळा चुकवून निघाली, पांझरा नदीच्या पुलापर्यंत पोचली होती. एका रिक्षावाल्यानं परत आणली. फोनवर बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर भाऊंना बरं वाटलं असतं.

आणि मग उखर्डू सपकाळ्यांनी पन्नास वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईकाला विचारलं, “ताई, तुमचं पाखरू पहिले कसं बोलायचं?”

“दोनदा नव्हतं बोलत, भाऊ. आधी नुसता उसासा टाकल्यासारखी हवा यायची, मग एकच सूर. बसका. रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यासारखा.”

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. सुनिताबाई सातव्या महिन्यात जन्मल्या होत्या, दीड किलोच्या. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये टोपलीत कापूस घालून त्यात ठेवलेल्या. मॅडमचं घड्याळ तेव्हा भिंतीवर नवं नवं. दर तासाला पाखरू ओरडलं की पोर दचकायची, निळी पडायची. वडिलांनी, शालिग्राम ड्रेसरांनी, टोपलीतलाच कापूस घेऊन एका नळीत भरला. दुसरा भाता कधी फाटला तेव्हा दवाखान्याच्याच सामानातून शिवला. पुढे पोर जगली, वाढली, पण कापूस कुणी काढला नाही. आईबाबांना मग तोच आवाज घरचा झाला. बाबा दर दोन-चार वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ उतरवायचे, रबर बदलायचे, आई दिवा धरायची.

“मला वाटलं तुम्हाला आत दिसेलच ते,” सुनिताबाई म्हणाल्या.

दिसलं होतं. भाऊंनी फोन ठेवला. मग उठून मेहरूणला गेले आणि खोलीचा कोपरा न् कोपरा झाडला. पाटाखाली काळ्या दोऱ्याचा अर्ध्या वितीचा तुकडा मिळाला, एका गाठीसकट. तो त्यांनी काडेपेटीत ठेवला. कापूस, रबर, बाकीचे टाके, सगळं गेलं ते गेलं.

त्यानंतर ते चार वेळा धुळ्याला गेले. पहिल्यांदा नळीत कापूस भरला, तर उसासा आला पण खालचा सूर नव्या कातड्यामुळे खणखणीत. दुसऱ्यांदा मेडिकलमधून हातमोजे नेले, आपलं ते देखणं कातडं स्वतःच्या हातानं फाडलं आणि त्यावर रबराचं ठिगळ लावलं. गाठीचा नमुना काडेपेटीतून काढून समोर ठेवला. भाऊंचे हात घड्याळजीचे, चांगले हात, पण ती गाठ त्यांना जमेना. तिसऱ्यांदा आवाज फाटला. चौथ्यांदा, चैत्रात, दुपारचे तीन वाजले तेव्हा दार उघडलं, हवा उसासली आणि एक बसका सूर तीनदा आला. सुनिताबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन भिंतीला हात टेकला आणि म्हणाल्या, जवळजवळ तसंच, भाऊ. बाबांच्या वेळी असायचं तसं.

दोघांनी सुनंदाबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चार वाजता पाखरू पुन्हा बोललं, पाच वाजता आणि सहा वाजताही बोललं. त्यांनी भिंतीकडे मान वळवली नाही. पाखरू का बोलत नाही असं विचारत होती तोवर ती बाई त्या घरात राहत होती. एवढ्या एका प्रश्नाच्या खुंटीला ती बांधलेली होती, आणि ती खुंटी भाऊंनीच उपटली होती. आता परत ठोकायला गेले तर भिंतच ती राहिली नव्हती.

सुनिताबाई म्हणाल्या, बंद करून टाका. भाऊ स्टुलावर चढले, दोन्ही कणसं काढली, लोलक हातानं धरला. टिकटिक थांबली. घड्याळ भिंतीवरून काढू का, असं त्यांनी विचारलं. राहू द्या, बाई म्हणाल्या, चौकोन तरी दिसणार नाही. कामाचे किती झाले ते त्यांनी याही खेपेला विचारलं आणि भाऊंनी याही खेपेला नाही म्हणून मान हलवली.

ते पिशवी घेऊन निघाले तेव्हा सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. पायात चपला, हातात रुमाल. भाऊंकडे बघून त्यांचा चेहरा खुलला, गावाकडचं माणूस बस स्टँडवर भेटावं तसा.

“भाऊ, तू निंघना का? माले बी मना घरपर्यंत सोडी दे.”

सुनिताबाई हळूच म्हणाल्या, गल्लीला एक फेरी मारून आणलं की कधीकधी ओळखते घर. आधी ओळखायची तरी. भाऊंनी पिशवी खाली ठेवली आणि सुनंदाबाईंचा हात धरला. हात हलका होता आणि गरम होता. दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेले, पिठाच्या गिरणीवरून वळले, मारुतीच्या पारावरून मागच्या बोळातून परत आले. वाटेत सुनंदाबाई दवाखान्याबद्दल बोलत होत्या. ड्रेसर चांगला माणूस शे, म्हणाल्या, त्याना हात भलता नरम शे. भाऊ हो म्हणाले. काडेपेटी त्यांच्या खिशात होती. त्यांना ती काढून दाखवावीशी वाटली आणि धीर झाला नाही.

घराशी आले. सुनिताबाईंनी दार पूर्ण उघडून धरलं होतं, आत दिवा लावला होता, खुर्चीवर आईची शाल ठेवली होती. भाऊ म्हणाले, “अक्का, ऊनं बरं का तुनं घर.”

सुनंदाबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. आत बघितलं. पलंग, खुर्ची, भिंतीवरचं मुकं घड्याळ, दारातली मुलगी, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शहाण्यासुरत्या पाहुणीसारख्या हसल्या.

“तुनं घर भलतं चांगलं शे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “बठ्ठं साफसूफ शे. पन आते अंधार पडी ऱ्हायना. माले मना घर लई चाल.”

सुनिताबाईंनी दाराची कड घट्ट धरली. भाऊंचा उजवा हात नेहमीप्रमाणे वर जाऊ लागला आणि अर्ध्यावरच खाली आला. त्यांनी सुनंदाबाईंचा हात पुन्हा धरला आणि दोघं पुन्हा गिरणीच्या दिशेनं चालू लागले.